गाडीघोडा : गाडी चांगली, मग गिऱ्हाईक का बिचकतं?

या वेळची बहुतेक पत्रं इलेक्ट्रिक आणि हायब्रीड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेल्या) गाड्यांची आहेत. काही विचारणारी, काही भांडणारी. एका वाचकाने तर "तुम्ही जुन्या गाड्यांच्या धंद्यातल्या, तुम्ही नव्याचं चांगलं कशाला बोलाल?" असंच लिहिलंय. तेव्हा नव्या वाचकांसाठी ओळख पुन्हा एकदा देते. आधी बरीच वर्षं फोंड्यात नव्या गाड्या विकल्या, आता मडगावात जुन्या गाड्यांची किंमत ठरवून देते. गाडी घेणारा काय बोलतो आणि विकणारा काय बोलतो, दोन्ही रोज कानावर पडतं. उत्तरं तिथूनच आलेली आहेत.

प्रश्न : मुलगा वेर्ण्याला कंपनीत आहे. आमच्या सांखळीहून रोज जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर होतात. त्याला इलेक्ट्रिक गाडी हवी आहे. घरात मी, त्याची आई आणि काका, तिघांचाही विरोध. नवल म्हणजे शोरूममधल्या विक्रेत्यानेच "पेट्रोलची घ्या" असा सल्ला दिला. गाडी इतकी चांगली असेल तर लोक का घेत नाहीत?
— वि. ना., सांखळी

उत्तर : विक्रेत्याचं नवल मला वाटलं नाही. शोरूममधल्या पोराला महिन्याचा आकडा गाठायचा असतो. पेट्रोलची गाडी चहा संपेपर्यंत पटते. इलेक्ट्रिकच्या गिऱ्हाइकाला घरचं मीटर, अर्थिंग, बॅटरीची हमी, विमा सगळं समजावून सांगायचं, त्याला गाडी चालवायला द्यायची (तिची बॅटरी त्या दिवशी नेमकी वीस टक्क्यांवर असते), आणि शेवटी "घरी विचारून कळवतो" हे उत्तर ऐकायचं. शिवाय शोरूमची भरवशाची मिळकत नंतरच्या सर्व्हिसिंगमधून येते. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, प्लग, क्लच यांतलं काहीच इलेक्ट्रिक गाडीत बदलायला नसतं. मग तो पोरगा ती गाडी जीव ओतून कशाला विकेल?

पण विक्रेता हे कारण छोटं. मोठं कारण वेगळं आहे, आणि ते गाडीच्या यंत्रात नाही. आपल्याकडे माणूस गाडी घेतानाच ती विकायचा विचार करतो. पुरुष रंग आणि टायर बघत असतो तेव्हा सोबत आलेली बायको किंवा आई शांतपणे विचारते, "पाच वर्षांनी याचे किती येतील?" पेट्रोलच्या गाडीचं उत्तर मी उभ्या उभ्या देते. इलेक्ट्रिक गाडीला तसा ठरलेला बाजारभाव अजून बसलेला नाही, आणि तो का बसत नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

२०१० साली बॅटरीची किंमत दर किलोवॅट-तासाला (म्हणजे एक युनिट वीज साठवायच्या क्षमतेमागे) हजार डॉलरच्या वर होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलरच्या आसपास आली. ऐकायला छान. नव्या गिऱ्हाइकाला छानच. पण ज्याने गेल्या वर्षी महाग बॅटरीची गाडी घेतली त्याच्या दारातल्या गाडीची किंमत याच बातमीने पडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी बॅटरी स्वस्त झाली म्हणून नेक्सॉन ईव्हीचे दर १.२० लाखांपर्यंत खाली आणले. त्याच्या आदल्या महिन्यात गाडी घेतलेल्या माणसाने शेजाऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, "घे रे, मस्त आहे"?

हे आजचं नाही. २००८ च्या जूनमध्ये होंडाने सिविक हायब्रीड भारतात आणली. जपानहून आयात केलेली, किंमत सुमारे साडेएकवीस लाख. साधी सिविक त्यापेक्षा कितीतरी स्वस्त, मग ही कोण घेणार? साठा पडून राहिला. काही महिन्यांतच कंपनीने तब्बल आठ लाख रुपये कमी केले. उरलेल्या गाड्या झटपट गेल्या, पण ज्यांनी आधी पूर्ण पैसे मोजले होते त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा. नवं तंत्र पहिल्यांदा घेणारा माणूस गल्लीतला जाहिरातदार असतो. त्याचाच हात पोळला की गल्ली दहा वर्षं विसरत नाही.

दुसरी अडचण कोल्हापूरची. हसू नका. तुमचा मुलगा वर्षातले पावणेतीनशे दिवस वेर्ण्याला जाणार, पण घरातली चर्चा महालक्ष्मीवरून होणार. आंबोली चढताना बॅटरी किती खाईल? नरसोबाच्या वाडीला चार्जर आहे का? पंढरपूरला कार्तिकीच्या गर्दीत गाडी कुठे लावायची? गाडी रोजच्या वापराला घ्यायची असते आणि ठरते मात्र वर्षातल्या एका प्रवासावरून. यात घरच्यांना मी मुळीच दोष देत नाही, कारण कंपन्यांनीच आधी विश्वास घालवला. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची एका चार्जिंगमधली कागदावरची मजल ३१२ किलोमीटर होती. रस्त्यावर एसी लावून, चार माणसं बसवून ती दोनशेच्या आगेमागे जायची. हा फरक चाचणीच्या पद्धतीमुळे पडतो, पेट्रोलच्या गाडीचं मायलेजही कागदावर जास्तच असतं. पण पेट्रोल संपलं तर बाटली घेऊन पंपावर जाता येतं. इथे घाटात अडकलं तर काय, ही भीती आकड्यांनी जात नाही. आता ४५ किलोवॅट-तासांची बॅटरी असलेल्या गाड्या आल्या आहेत, तीनशेच्या आसपास खरोखर जातात. तरी लोकांच्या डोक्यात जुनाच आकडा बसलाय.

म्हणूनच पणजीत, मडगावात इलेक्ट्रिक स्कूटरी नजरेत भरतात आणि मोटारी शोधाव्या लागतात. स्कूटरला कोल्हापूरला कोणी नेत नाही.

तिसरी गोष्ट खास गोव्याची. आपल्याकडे पेट्रोल स्वस्त. २०१२ साली मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला गेला आणि दर एका फटक्यात लिटरमागे अकरा रुपयांनी उतरले. नंतर कर पुन्हा चढत गेला, पण आजही बांद्याचे लोक पत्रादेवी ओलांडून टाकी भरायला येतात. त्यात आपलं राज्य केवढं? पेडण्याहून काणकोणला गेलात तरी शंभर-एकशेदहा किलोमीटर. स्वस्त पेट्रोल आणि थोडं अंतर, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीची बचत पुण्यामुंबईच्या मानाने हळूहळू साठते. मिरामारला राहणारा आणि पणजीत ऑफिस असलेला माणूस दिवसाला दहा किलोमीटर चालवतो. त्याच्याकडे बंगला आहे, पोर्च आहे, चार्जर लावायला भिंत आहे, महागडी गाडी घ्यायला पैसेही आहेत. फक्त त्याची बचत काहीच होत नाही. ज्याची भरपूर बचत होईल तो टॅक्सीवाला भाड्याच्या खोलीत राहतो, गाडी रस्त्याच्या कडेला लावतो, आणि मोपाच्या विमानतळावर भाडं मिळायच्या वेळेला चार्जरपाशी ताटकळायला त्याला परवडत नाही. घेऊ शकणाऱ्याला गरज नाही आणि गरज असणाऱ्याला सोय नाही. माझ्या मते गोव्यातला खरा तिढा हाच आहे.

वर सरकारी धरसोड. गोव्यात २०२१ च्या धोरणाबरोबर अनुदान आलं, २०२२ मध्ये थांबलं. अनुदान परत येईल म्हणून बुकिंग पुढे ढकलणारी माणसं मी पाहिली आहेत. जर्मनीतही हेच झालं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथलं अनुदान अचानक बंद केलं आणि पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक गाड्यांची विक्री सत्तावीस टक्क्यांनी घसरली. उलट नॉर्वेत २०२४ साली नव्या शंभर गाड्यांतल्या जवळपास ८९ इलेक्ट्रिक होत्या. तिथे पेट्रोलच्या गाडीवर जबर कर, इलेक्ट्रिकला बरीच वर्षं माफी, आणि धोरण मध्येच गुंडाळलं नाही.

आता बघा कोणाची गाडी खपते. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर आली. बॅटरीची किंमत बाजूला काढून गाडी ९.९९ लाखांना, बॅटरीला किलोमीटरमागे साडेतीन रुपये भाडं, आणि तीन वर्षांनी साठ टक्के किमतीला गाडी परत घेण्याचं वचन. भाड्यात विजेचा रुपयाभर मिळवला तर किलोमीटरला साडेचार रुपये पडतात. पेट्रोलला सहा-साडेसहा. म्हणजे फार स्वस्त नाही! तरी ती काही महिने देशात सर्वांत जास्त खपणारी इलेक्ट्रिक मोटार होती. कारण "पाच वर्षांनी किती येतील?" या प्रश्नाचं उत्तर कोणीतरी लेखी दिलं. महिंद्राने आपल्या नव्या गाड्यांना आणि टाटांनी हॅरियर ईव्हीला पहिल्या खासगी मालकासाठी बॅटरीची आयुष्यभराची हमी दिली, तीही याच भीतीवर. जोखीम जो स्वतःच्या डोक्यावर घेतो त्याच्याकडे गिऱ्हाईक वळतं. जो ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो त्याची गाडी कितीही देखणी असो, शोरूममध्ये धूळ खाते.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि कागद-पेन्सिल घ्या. रोज नव्वद, वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर. पेट्रोलची गाडी लिटरला सोळा देईल असं धरलं तर साधारण १,५६० लिटर, म्हणजे दीड लाख रुपये. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधला तोटा धरून साडेचार हजार युनिट लागतील. युनिटला सहा रुपये धरले तरी सत्तावीस हजार. वर्षाला सव्वा लाख वाचतात. दोन गाड्यांच्या किमतीत चार लाखांचं अंतर असेल तर तीन-सव्वातीन वर्षांत वसूल. त्यानंतर ती विकून काय येतात याची चिंता कशाला? मुलगा बरोबर आहे, काकांना हे वाचून दाखवा.

एकच काम आधी करा. चांगला वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. आपली जमीन जांभ्या दगडाची. एप्रिल-मेमध्ये ती कोरडी पडली की जुन्या घरांचं अर्थिंग लंगडं होतं आणि चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडतो. लोक गाडीला शिव्या घालतात. अर्थिंगचा खड्डा नीट करून उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहिलं की भागतं. आणि कोल्हापूरला काकांच्या गाडीतून जा.

प्रश्न : मी फोंड्यात शिक्षिका आहे. शाळा जवळ, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर होतात. इलेक्ट्रिकची धास्ती वाटते म्हणून मधला मार्ग, हायब्रीड घ्यावी असं ठरवलंय. बरोबर ना?
— सु. के., फोंडा

उत्तर : बाई, तुम्ही गणित शिकवत असाल तर हे उदाहरण वर्गात द्या. हायब्रीड आणि त्याच गाडीची साधी पेट्रोल आवृत्ती यांत तीन लाखांच्या घरात फरक असतो. आठ हजार किलोमीटरला साधी गाडी सुमारे ५३० लिटर पिते, हायब्रीड ३६०. वाचले १७० लिटर, म्हणजे साडेसोळा हजार रुपये. तीन लाख वसूल व्हायला अठरा वर्षं. बॅटरीची हमी आठ वर्षांची आणि वसुली अठरा वर्षांची! तुम्ही घेऊ नका.

हायब्रीड न खपण्यामागे एक घोळही आहे. खऱ्या हायब्रीडमध्ये छोटी मोटर गाडी स्वतः ओढते, ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद बॅटरीत परत येते, आणि मंद वाहतुकीत इंजिन बंद असतं. भिंतीला प्लग लावावा लागत नाही. पण मध्यंतरी नुसत्या थोड्या मोठ्या बॅटरीच्या, इंजिनाला हलका टेकू देणाऱ्या गाड्यांनाही कंपन्यांनी 'हायब्रीड'चं बिल्लं लावलं. त्या मोटरवर चालतच नाहीत. माझ्याकडे अशी गाडी विकायला आलेले गृहस्थ ठणकावून सांगतात, "हायब्रीड आहे, जास्त द्या." काय देणार? अशांनी खऱ्या हायब्रीडचंही नाव खराब केलं.

सरकारची तऱ्हा त्याहून न्यारी. इलेक्ट्रिकवर जीएसटी पाच टक्के, आणि मोठ्या हायब्रीडवर सेससकट त्रेचाळीस होता, म्हणजे साध्या छोट्या पेट्रोल गाडीपेक्षाही कितीतरी जास्त. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना चाळीस टक्के झाला, छोट्या गाड्यांना अठरा. छोट्या पेट्रोल गाड्या त्यामुळे एकदम उतरल्या. इलेक्ट्रिकचा पाच टक्के तसाच राहिला, म्हणून दोघांच्या किमतींमधलं अंतर उलट वाढलं. तुमच्यासारखीला छोटी पेट्रोल गाडी आज जेवढी परवडते तेवढी मधल्या काळात कधी परवडत नव्हती.

मग हायब्रीड घेतं कोण? इनोव्हा हायक्रॉससाठी लोक महिनोन् महिने थांबले. सात-आठ माणसं, वर्षाला तीस हजार किलोमीटर, आणि आधीची डिझेल इनोव्हा असलेला माणूस. त्याला लिटरला पाच-सहा किलोमीटर जास्त मिळणं म्हणजे नगद पैसे. होंडा सिटीची हायब्रीड मात्र २०२२ साली साडेएकोणीस लाखांना आली आणि फारशी कोणी घेतली नाही. गाडी उत्तम, मायलेज उत्तम. पण त्या पैशांत लोकांना उंच एसयूव्ही दिसत होती, आणि गोव्याच्या गतिरोधकांवरून बुटकी सेडान नेऊन पोट घासून घेण्याची हौस कोणाला उरलेली नाही.

जाता जाता एक बघाच. काही हायब्रीडांची बॅटरी डिकीखाली असते, सामानाची जागा घटते. चवथीला माटोळीचं सामान, नारळ आणि तांदळाचं पोतं घेऊन माहेरी जायचं तर शोरूममध्येच डिकी उघडून पाहायची.

प्रश्न : फातोर्ड्याला आमची चौमजली इमारत आहे. मी इलेक्ट्रिक गाडी बुक केली, पण सोसायटीची कमिटी चार्जर लावू देत नाही. "आग लागली तर जबाबदार कोण" म्हणतात. बुकिंग रद्द करू का?
— एक फ्लॅटधारक, मडगाव

उत्तर : इतक्यात नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे केंद्राचे नियम बदलले. त्यानुसार इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायला वेगळी वीजजोडणी मागता येते, सोसायटीत राहणाऱ्यालाही. वेगळं मीटर आलं की "आमच्या बिलात तुमची गाडी" हा पहिला वाद मिटतो. कमिटीतल्या भांडणांपैकी निम्मी तरी याच बिलावरची असतात, आग हे नुसतं बोलायला.

तरी आगीची भीती थट्टेवारी नेऊ नका. धोका बहुतेक वेळा चार्जरपेक्षा वायरिंगमध्ये असतो. मीटरच्या खोलीपासून खालच्या पार्किंगपर्यंत जुनीच वायर ओढून सोळा अँपिअरचा सॉकेट लावला आणि त्यावर रात्रभर गाडी ठेवली, तर वायर तापणारच. योग्य जाडीची स्वतंत्र केबल, जास्त भार आला की वीज तोडणारा वेगळा एमसीबी, विजेची गळती पकडणारा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग, एवढं परवानाधारक कंत्राटदाराकडून लेखी घ्या आणि ते कागद कमिटीसमोर ठेवा. सभेत एकटे जाऊ नका. इमारतीत इलेक्ट्रिक स्कूटर असलेलं कोणीतरी नक्की असेल, त्याला बरोबर घ्या. तो सध्या बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर वाहतोय, तुमच्या बाजूने दणकून बोलेल.

सगळं करूनही कमिटी अडली तर मात्र बुकिंग रद्द करा. घरी चार्जिंग नसेल तर इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रस्त्यावरच्या चार्जरवर युनिटला घरच्यापेक्षा कितीतरी जास्त मोजावे लागतात, आणि ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर तिथे गेल्यावर चालू असेलच असं नाही. पावसाळ्यात झाड पडून वीज गेली की तोही गेला.

प्रश्न : कळंगुटला माझ्या रेंट-अ-कॅबच्या काही गाड्या आहेत. जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जानेवारी २०२४ पासून नवी पर्यटक वाहनं इलेक्ट्रिकच असतील असं जाहीर केलं, तेव्हा पुढचा विचार करून मी दोन इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या. पर्यटक हात लावत नाहीत. सगळ्यांना महिंद्राची थारच हवी.
— द. शि., कळंगुट

उत्तर : ती घोषणा रस्त्यावर कितपत उतरली ते कळंगुटच्या नाक्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं. आता गाड्या घेतल्याच आहेत, तर गिऱ्हाईक बदला.

तीन दिवसांसाठी आलेल्या दिल्लीच्या पोरांना नवीन काही शिकायचं नसतं. त्यांना छप्पर उघडून फोटो हवेत. गाडी परत करताना पेट्रोलचा काटा जिथे होता तिथे आणून देणं त्यांना कळतं. "रात्री हॉटेलवर चार्जिंगला लावा" म्हटलं की हॉटेलवाला वेगळे पैसे मागतो, लांब वायर मिळत नाही, आणि सकाळी तुम्हालाच फोन येतो. सुट्टीत कोणी डोकेदुखी भाड्याने घेत नाही.

हे तुमच्या एकट्याचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या हर्ट्झ या भाड्याच्या गाड्यांच्या बलाढ्य कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २० हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या. नव्या गाड्यांचे दर उतरल्यामुळे त्यांच्या गाड्यांची किंमत पडली, आणि ठोकर लागली की दुरुस्तीचा खर्च पेट्रोलच्या गाडीहून जास्त. भाड्याच्या गाडीला ठोकर लागतेच, ते मी तुम्हाला काय सांगू!

आसगाव, शिवोली, हळदोणा भागात महिना-दोन महिने व्हिला घेऊन लॅपटॉपवर काम करणारे लोक राहतात. त्यांच्या पोर्चमध्ये सॉकेट असतो, फिरणं दिवसाला वीस-तीस किलोमीटरचं, आणि महिन्याच्या हिशोबात पेट्रोलचा खर्च त्यांना टोचतो. त्यांना महिन्याच्या भाड्याने द्या. चार्जिंगची वायर आणि वायरमनचा नंबर सोबत द्या. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला थारच द्या.

प्रश्न : पावसात पाणी साचलेल्या रस्त्यातून इलेक्ट्रिक गाडी नेली तर शॉक लागतो का?
— प्र. गा., म्हापसा

उत्तर : नाही. बॅटरीचं कवच बहुतेक गाड्यांत आयपी ६७ दर्जाचं असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाऊ नये असं. विजेची गळती झाली की गाडी स्वतःच वीज तोडते. पण म्हणून मुद्दाम ओढ्यात घालू नका. आणि गोडं पाणी वेगळं, खारं वेगळं. २०२२ मध्ये फ्लोरिडात चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या नंतर पेटल्या होत्या. फेरीच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी गाडी लावून जाऊ नका, वाळूवर तर नेऊच नका. ते पेट्रोलच्या गाडीलाही लागू आहे, पोलीसही पकडतात.

प्रश्न : ओळखीचा एजंट चार वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी नव्याच्या अर्ध्याहून कमी किमतीत देतोय. माझं घर स्वतःचं, नोकरी चिखलीला. इतकी स्वस्त म्हणजे काहीतरी गडबड असणार ना?
— र. प., वास्को

उत्तर : गडबड असेलच असं नाही. पहिल्या मालकाने सोसलेला तोटा तुमच्या वाट्याला नफा म्हणून येतोय, एवढाच अर्थ असू शकतो. चिखलीला जाऊन-येऊन जेवढं अंतर आहे त्याला दमलेली बॅटरीही पुरते. माझ्या स्वतःच्या बहिणीला मी अशीच गाडी घ्यायला लावली आहे.

पण गाडी सकाळी बघायला जा आणि आदल्या रात्री ती शंभर टक्के चार्ज करून ठेवायला सांगा. मग तास-दीड तास स्वतः चालवा, बोगमाळोपर्यंत जाऊन या, चढ-उतार मिळेल. किती किलोमीटरला किती टक्के गेले ते लिहून काढा. शंभराला पुरवून बघितलं की खरी मजल कळते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मागा. एजंट टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत या. टॅक्सीत चाललेली गाडी रोज फास्ट चार्जरवर लागलेली असते, तिच्या वाटेला जाऊ नका.

हमीचे कागद नीट वाचा. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी असेल तर ती पहिल्या नोंदणीपासून मोजतात, म्हणजे तुमच्या हातात चार वर्षं उरतात. आयुष्यभराची हमी असल्याचं एजंटने सांगितलं तर ती दुसऱ्या मालकाला लागू होते का ते कंपनीकडून लेखी घ्या. एजंट नोंदणीकृत विक्रेता असेल तर त्याच्या नफ्यावर अठरा टक्के जीएसटी आहे. तो तुमच्या पूर्ण किमतीवर लावून सांगत असेल तर हिशोब मागा.

आणि घरी वापरायची चार्जिंगची केबल गाडीसोबत मिळणार आहे का, ते पैसे देण्याआधी विचारा. पुष्कळदा जुना मालक ती आपल्या नव्या गाडीसाठी ठेवून घेतो.